अकरा फॉर्म

सहकारी बँकेच्या तपासणी विभागात सत्तावीस वर्षे काढलेल्या माणसाला कागद वाचण्याची जी सवय जडते, ती कथा लिहिताना फारशी उपयोगी पडत नाही; मात्र त्या कथांचे पुस्तक करण्याची वेळ आली, तेव्हा तिच्याइतके दुसरे काहीच माझ्या कामी आले नाही. २०२२ साली मी निवृत्त झालो, तेव्हा माझ्याकडे दहा कथा होत्या. सगळ्या माण तालुक्यातल्या, म्हणजे दहिवडी, म्हसवड, गोंदवले या पट्ट्यातल्या. त्यांपैकी चार दिवाळी अंकांतून छापून आल्या होत्या आणि उरलेल्या सहा घरच्यांखेरीज कोणी वाचलेल्या नव्हत्या. साहित्यवर्तुळात माझी ओळख नव्हती. पुस्तक कसे निघते, याविषयीचे माझे ज्ञान नगर वाचनालयातून पुस्तक घेऊन परत करण्यापलीकडे गेलेले नव्हते.

सुरुवात मी, बहुतेक सगळे करतात तशीच, मोठ्या नावांपासून केली. पुण्या-मुंबईच्या चार प्रकाशनसंस्थांना पत्र, थोडक्यात परिचय आणि दोन नमुना कथा पाठवल्या. एका ठिकाणाहून तीन आठवड्यांत छापील उत्तर आले, की सध्या कथासंग्रह स्वीकारत नाही. दुसरीकडून पाच महिन्यांनी दूरध्वनी आला. बोलणारे गृहस्थ अतिशय सौजन्याने म्हणाले, की कथा चांगल्या आहेत, पण नवीन लेखकाचा कथासंग्रह दुकानदार फळीवर ठेवत नाही, कादंबरी असेल तर जरूर पाठवा. उरलेल्या दोघांकडून काहीच आले नाही. यात मला अपमान वाटला नाही. ज्या कर्जप्रकरणात परतफेडीची शक्यता दिसत नाही, ते मीही सौजन्याने परत पाठवत असे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, हे मला एका शिक्षकमित्राने सांगितले, कारण पहिल्या पुस्तकासाठी ती नेमकी आहे. परंतु त्या वर्षीची अर्जाची मुदत तोवर उलटून गेली होती आणि पुढल्या वर्षापर्यंत थांबण्याइतका धीर माझ्यापाशी नव्हता. आज वाटते, धरायला हवा होता. पण ते असो.

मग आला पैसे भरून पुस्तक काढण्याचा प्रस्ताव. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशा संस्था पुष्कळ आहेत आणि त्यांची पत्रे एकमेकांसारखीच असतात. पाचशे प्रतींसाठी अडुसष्ट हजार रुपये, आणि त्या रकमेची फोड करणारे एक सुबक कोष्टक. माझी नजर सवयीने कोष्टकावर गेली. त्यात ‘आयएसबीएन नोंदणी’ या सदराखाली साडेतीन हजार रुपये लावलेले होते. मी चौकशी केली, तेव्हा कळले की पुस्तकाच्या ओळखीसाठी असलेला हा आंतरराष्ट्रीय क्रमांक भारतात केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते आणि त्यासाठी एक पैसाही घेत नाही. जो क्रमांक मोफत मिळतो त्याचे साडेतीन हजार लावणारा माणूस कागदाचे आणि छपाईचे किती लावत असेल, याचा हिशेब करण्याची मला गरज उरली नाही. तरीही मी करारनामा मागवला. त्यात एक ओळ होती, की लेखक या साहित्यकृतीचे सर्व हक्क, सर्व भाषांत आणि सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी प्रकाशकाकडे देत आहे. म्हणजे अडुसष्ट हजारही माझे आणि जमीनही गहाण माझीच.

त्या संस्थेने नमुन्यादाखल माझी एक कथा ‘संपादित’ करून पाठवली होती. आमच्याकडे ‘थोडेसे’ या अर्थी ‘वाईच’ म्हणतात. कथेतली म्हातारी दारात आलेल्या पाहुण्याला म्हणते, ‘वाईच बस की.’ संपादित प्रतीत ती म्हणत होती, ‘वाईट बस की.’ आणि असे एकदा नव्हे, सात वेळा. कोणीतरी संगणकावर शब्द शोधून सरसकट बदलला होता आणि एकही वाक्य वाचले नव्हते. हे पाहिले आणि मी तो विषय संपवला.

यानंतर दोन-तीन महिने मी काहीच पाठवले नाही, फक्त पाहिले. साताऱ्याच्या नगर वाचनालयात बसून मी गेल्या पाच-सहा वर्षांतले कथासंग्रह काढत असे आणि आधी कथा न वाचता श्रेयनामावलीचे पान वाचत असे. प्रकाशक कोण, गाव कोणते, आवृत्ती कितवी, हक्क कोणाच्या नावावर, मुखपृष्ठ कोणाचे, अक्षरजुळणी कोणाची, मुद्रितशोधकाचे नाव छापले आहे की नाही. मुद्रितशोधकाचे नाव छापणारे प्रकाशक मला थोडेच आढळले, आणि ते सगळे लहान होते. मग पुस्तक मधोमध उघडून पाठीकडे पाहायचे, शिलाई आहे की नुसता डिंक. त्यानंतर कोणतीही दहा पाने वाचून चुका मोजायच्या. दहा पानांत तीनपेक्षा जास्त चुका असल्या तर ते नाव मी वहीतून खोडत असे. शेवटी, त्या प्रकाशकाचे अलीकडचे पुस्तक केव्हाचे आहे ते पाहायचे, कारण लहान प्रकाशनसंस्था एका माणसाच्या तब्येतीवर आणि उमेदीवर चालते व ती बंद पडली तर कोणी जाहीर करत नाही. या रीतीने वहीत सहा नावे उरली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला शहाण्णवावे साहित्य संमेलन भरले. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस साताऱ्यावरून जाते आणि वर्ध्याला थांबते; मी तिचे तिकीट काढले. मंडपातले परिसंवाद मी फारसे ऐकले नाहीत. तीन दिवस ग्रंथप्रदर्शनात हिंडलो. सहांपैकी चार प्रकाशकांचे गाळे तिथे होते. मी लेखक आहे असे म्हणताच एकाने दरपत्रक दिले. एकाने ‘पीडीएफ टाकून ठेवा’ असे सांगून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवले. तिसरे गृहस्थ फार चांगले होते, परंतु त्यांनी कथा घेणे सोडून केवळ इतिहासाची पुस्तके काढण्याचे ठरवले होते.

चौथा गाळा म्हणजे दोघांनी भाडे वाटून घेतलेल्या जागेतले अर्धे टेबल होते. मागे खुर्चीवर साधारण पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या आणि गर्दीत मांडीवर मुद्रिते घेऊन लाल शाईने खुणा करत होत्या. पूर्वी त्या एका वृत्तपत्रात मुद्रितशोधक होत्या, हे मला नंतर कळले. मी माझे हस्तलिखित काढण्याआधीच त्यांनी विचारले, ‘आमचं कोणतं पुस्तक वाचलंय?’ मी खरे ते सांगितले, की वाचनालयात एक वाचले आहे आणि दुसऱ्याची दहा पाने चुका मोजण्यासाठी वाचली आहेत. त्यांनी विचारले, ‘किती निघाल्या?’ मी म्हणालो, ‘एक.’ ‘कुठल्या पानावर?’ मला पान आठवत नव्हते, आणि त्याचे त्यांना खरोखरच वाईट वाटलेले दिसले. मी त्यांची तीन पुस्तके विकत घेतली, त्यांनी माझ्या दोन कथा ठेवून घेतल्या. परतीच्या गाडीत मी दोन पुस्तके संपवली. एक उत्तम होते, दुसरे मला आवडले नाही. पण ते का छापले असेल, हे कळत होते. माझ्या लेखी हे महत्त्वाचे होते, कारण मोठ्या प्रकाशनाच्या यादीत आवडनिवड शोधावी लागते, लहानाच्या यादीत ती आपोआप दिसते.

सहा आठवड्यांनी त्यांचे पत्र आले. चार पानी, हाताने लिहिलेले. दोन्ही कथांवर स्वतंत्र टिपण होते आणि शेवटी ‘बाकीच्या पाठवा, मग बोलू’ एवढेच. स्तुती बेताची होती. तरी इतक्या वर्षांत माझ्या लिखाणावर कोणी चार पाने खर्च केलेली ती पहिलीच वेळ होती, हे मान्य करायला हवे. अशा वेळी माणूस पाघळतो, हे मला ठाऊक होते, म्हणून लगेच होकार न कळवता मी जामीनदार तपासायचे ठरवले. त्यांच्या यादीतल्या दोन लेखकांचे दूरध्वनी क्रमांक मिळवले. पहिले म्हणाले, की पुस्तक सुंदर निघाले, पण कबूल केल्यापेक्षा वर्षभर उशिरा. दुसऱ्या बाई म्हणाल्या, ‘अप्पा बळवंत चौकात मिळत नाही, हीच तक्रार. पण अकराशे पंचवीस रुपये मानधन निघालं, तर त्याचाही धनादेश पोस्टानं घरी आला.’ दोघांनाही मी शेवटी विचारले, की दुसरे पुस्तक याच प्रकाशनाला द्याल का. एक म्हणाले, नाही. दुसऱ्या म्हणाल्या, दिलेच आहे.

मे महिन्यात मी त्या बाईंचे कार्यालय पाहायला कोल्हापूरला गेलो. कर्जदाराचे घर पाहिल्याशिवाय प्रकरण मंजूर करू नये, असा आमच्या विभागाचा दंडक होता. मंगळवार पेठेतल्या जुन्या घराचा माळा म्हणजे कार्यालय, आणि जिन्याखाली, दिवाणाखाली, स्वयंपाकघराच्या पोटमाळ्यावर दोरीने बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे. ताईंनी (एव्हाना मी त्यांना ताई म्हणू लागलो होतो आणि बँकेतला म्हणून त्या मला साहेब म्हणत) चहा ठेवला आणि एका पाठकोऱ्या कागदावर माझ्या पुस्तकाचा हिशेब मांडला. तो कागद मी जपून ठेवला आहे.

पुस्तक डेमी आकारात १७६ पृष्ठांचे होईल, म्हणजे सोळा पानांचा एक फॉर्म या हिशेबाने बरोबर अकरा फॉर्म. पाचशे प्रती. कागद, छपाई, शिलाई बांधणी, अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठ धरून साडेसत्तेचाळीस हजार रुपये, म्हणजे प्रतीला ९५. छापील किंमत २५० ठेवायची. मला मानधन छापील किमतीच्या दहा टक्के, म्हणजे प्रतीला २५. वितरकाला प्रत दिली तर तो निम्मी सूट घेतो. हाती येतात १२५. त्यातून ९५ आणि माझे २५ वजा केले, तर ताईंकडे उरतात पाच रुपये. तीच प्रत वाचकाला थेट वीस टक्के सवलतीत विकली आणि टपालखर्च त्याने दिला, तर ऐंशी उरतात. ‘आता सांगा साहेब,’ त्या म्हणाल्या, ‘मी वितरकाच्या मागं का पळत नाही ते.’ त्यांच्या स्वतःच्या वेळेची किंमत त्या हिशेबात कुठेच नव्हती. मी ते दाखवून दिले, तेव्हा त्या हसल्या आणि चहात साखर पुरे आहे का, असे त्यांनी विचारले.

आपल्याला काय जमत नाही, हेही त्यांनी त्याच बैठकीत सांगितले. पुण्या-मुंबईच्या दुकानांत पुस्तक दिसेल, याची हमी नाही. वर्तमानपत्रांत परीक्षण छापून आणण्याची ताकद नाही. प्रकाशन समारंभ करायचा तर तो लेखकाने आपल्या खर्चाने आपल्या गावी करावा. ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या संकेतस्थळांचा व्याप त्यांना एकटीने झेपत नाही. जी संस्था माझ्याकडून अडुसष्ट हजार घेणार होती, तिने यांतल्या प्रत्येक गोष्टीचे आश्वासन दिले होते.

करारनामा दीड पानांचा होता. मी तो दोनदा वाचला आणि सोबत स्वामित्व हक्क कायदा, १९५७ यातील हस्तांतराची कलमे घेऊन बसलो. कलम १९ प्रत्येक नव्या लेखकाने एकदा तरी वाचावे, असे मला वाटते, कारण त्यात आपल्या बाजूने बरेच काही आहे. हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच हस्तांतर झाले असे मानले जाते. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळे काही म्हटलेले नसल्यास ते लेखकाकडे परत येतात. ताईंच्या करारात फक्त मराठी छापील आवृत्तीचे हक्क पाच वर्षांसाठी मागितले होते. अनुवाद, नाटक-चित्रपट आणि श्राव्य पुस्तक हे माझ्याकडेच राहणार होते. श्राव्य पुस्तकाचा शब्द मी आग्रहाने घालून घेतला, कारण श्राव्य पुस्तकांची स्टोरीटेल ही सेवा २०१७ साली भारतात आल्यापासून मराठी कथांना तो एक नवा रस्ता झाला आहे, आणि बऱ्याच जुन्या करारांत त्याचा उल्लेखच नसल्याने पुढे वाद होतात. दर ३१ मार्चला विक्रीचा हिशेब आणि जूनअखेर धनादेश, हेही लिहून झाले.

एकाच मुद्द्यावर आमचे जुळले नाही. पुस्तक नऊ महिन्यांत काढू, असे लिहून द्या, अशी माझी मागणी होती. त्या म्हणाल्या, ‘तारीख लिहून देणार नाही. लिहिली तर पाळण्यासाठी घाई करीन, आणि घाई केली तर तुम्ही चुका मोजाल.’ युक्तिवाद म्हणून हे चमकदार होते. तपासनीस म्हणून मी तो मान्य करायला नको होता. मी केला.

संपादनाचे चार महिने हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत चांगला काळ होता, आणि याच काळासाठी मी लहान प्रकाशक निवडला, असे म्हटले तरी चालेल. पहिल्याच फेरीत ताईंनी दहापैकी एक कथा बाहेर काढली. ती माझी सर्वांत लाडकी कथा होती, दिवाळी अंकात छापून आलेली, पत्रे आलेली. त्यांचे म्हणणे असे, की ती चांगली आहे पण उरलेल्या नऊ कथा ज्या माणसाने लिहिल्या, त्याने ती लिहिलेली नाही. ती दिवाळी अंकाच्या संपादकाला काय आवडेल हे ओळखून लिहिलेली आहे. मी आठवडाभर रागावलो. पत्नीला विचारले, तर ती म्हणाली, ‘मला ती कधीच आवडली नव्हती, पण तुम्ही विचारलं कुठं?’ कथा गेली. पुस्तक नऊ कथांचे झाले.

दुसरी गोष्ट एका शब्दाची. बहात्तरच्या दुष्काळावरच्या कथेत माझी नायिका पाझर तलावाच्या कामावर खडी फोडते, सुकडी खाते, आणि मी लिहिले होते, की ती ‘रोजगार हमीच्या कामावर’ जात असे. समासात लाल शाईने प्रश्न होता: ‘रोजगार हमीचा कायदा १९७७चा. त्या वेळी तुमच्या घरात काय म्हणत?’ मी डोळे मिटून आजीचा आवाज आठवला. ती म्हणत असे, ‘दुष्काळी कामावर.’ सरकारी फायली वाचून वाचून माझ्या लेखणीत नंतरचा शब्द शिरला होता आणि ज्या बाईने माण तालुका पाहिलेला नाही, तिने तो पकडला होता.

आणि ‘वाईच’. मी तो शब्द निरनिराळ्या कथांत तीन तऱ्हांनी लिहिला होता: वाईच, वाईचं, वायच. ताईंनी तो प्रमाण भाषेत आणायला सांगितले नाही, किंवा मागे अर्थांचा कोश जोडायलाही सांगितले नाही. त्यांनी एवढेच विचारले, की कोणती माणसे कसे म्हणतात ते ठरवा आणि मग त्या माणसाच्या तोंडी शेवटपर्यंत तसेच ठेवा. हे ठरवायला मला बारा दिवस लागले. म्हसवडला जाऊन दोन म्हाताऱ्यांना बोलते करावे लागले.

छपाईच्या फाईलने मात्र आम्हाला छळले. माझे टंकलेखन युनिकोडमध्ये होते आणि मुद्रणालयातील अक्षरजुळणी करणारा मुलगा जुन्या, युनिकोडपूर्व टंकांवर काम करणारा. मजकूर एका रूपातून दुसऱ्यात नेताना ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ ही जोडाक्षरे कोसळली आणि सगळीकडे रफार उगवले. आचारी लोकांचे आचार्य झाले, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ झाली. पण कहर झाला तो ‘दऱ्या’ या शब्दाचा. माझ्या कथांत डोंगर आणि दऱ्या जागोजाग आहेत; त्या सगळ्यांचा दर्या झाला. जिथे पावसाळ्यातही टँकर येतो, त्या माण तालुक्यात गुरे चारायला निघालेली पोरे एकामागून एक दर्यात उतरू लागली. पहिल्या मुद्रितांवर मी आणि ताईंनी दूरध्वनीवर हसून घेतले. दुसऱ्या मुद्रितांपर्यंत हसू संपले होते, कारण संगणकाने शोधून बदलायला सांगावे, तर ‘सूर्या’, ‘कार्या’ यांसारख्या ठिकाणचा योग्य रफारही उडत होता. शेवटी १७६ पृष्ठे दोघांनी स्वतंत्रपणे, ओळीखाली पट्टी धरून वाचली. मी चौसष्ट दर्या पकडले, त्यांनी एकाहत्तर.

या प्रकारात दिवाळी गेली. पुस्तक दिवाळीपूर्वी येईल, असे तोंडी ठरले होते आणि मी नातेवाइकांना सांगूनही बसलो होतो. डिसेंबरात पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पहिला पुस्तक महोत्सव झाला, तिथे लाखो रुपयांची पुस्तके विकली जात असल्याच्या बातम्या मी वाचत होतो आणि माझे पुस्तक अजून मुद्रणालयात कागदाची वाट पाहत होते. त्या महिन्यात मी ताईंशी एकदा बरेच तिखट बोललो. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘तुमचं बरोबर आहे.’ यावर काय बोलणार? तारीख लिहून घेतलेली नव्हती, आणि ती चूक माझी होती.

जानेवारी २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात एसटीच्या पार्सलाने पंचवीस प्रतींचा गठ्ठा साताऱ्याला आला. स्थानकाच्या बाकावरच मी दोरी सोडली. शिलाईची बांधणी, नैसर्गिक छटेचा कागद, उघडले की सपाट राहणारे पुस्तक. श्रेयनामावलीत हक्क माझ्या नावावर, आणि खाली मुद्रितशोधन: आम्हा दोघांची नावे. ते मला न विचारता घातलेले होते.

त्यानंतर ताईंनी जे केले, ते पुष्कळ मोठे प्रकाशकही करत असतील, पण मला ते पावत्यांसकट दिसले. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायच्या असतात. चारही पावत्यांच्या छायाप्रती मला आल्या. माणदेशातल्या म्हाताऱ्यांचे ‘वाईच’ कोलकात्यात कोणत्या तरी फळीवर आहे, ही कल्पना मला अजून मधूनच सुखावते.

विक्रीचे मात्र त्यांनी आधी सांगितले होते तसेच झाले. फेब्रुवारीत अमळनेरच्या संमेलनात एकतीस प्रती गेल्या. बाकीची विक्री टपालाने: ताईंच्या जुन्या वाचकांची यादी, त्यांना पत्र, मग रजिस्टर्ड बुक पोस्टाने प्रत. दुकानांत पुस्तक दिसले नाही. पुण्याला गेलो असता मी अप्पा बळवंत चौकात दोन ठिकाणी, लेखक आहे हे न सांगता, आपल्याच पुस्तकाची चौकशी केली आणि ‘असं पुस्तक ऐकलं नाही’ हे उत्तर घेऊन आलो. तेव्हा वाटलेली खंत हिशेबाच्या त्या पाठकोऱ्या कागदाने फारशी कमी झाली नाही, हे कबूल करतो. माण आणि खटाव तालुक्यांतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत मी स्वतः पिशवी घेऊन फिरलो. ‘क’ आणि ‘ड’ वर्गाची छोटी ग्रंथालये, जिथे ग्रंथपाल म्हणतो, ‘अनुदान आलं की घेऊ,’ आणि अनुदान आले की खरोखरच घेतो.

२०२४ च्या डिसेंबरात टपाल खात्याने बुक पोस्टाची ती सवलतीची सेवाच बंद केली. ताईंच्या सगळ्या व्यवहाराचा पाया तिच्यावर होता. त्यानंतर प्रत पाठवण्याचा खर्च वाचकाला जाणवण्याइतका वाढला. त्यावर तोडगा म्हणून त्यांनी एका पत्त्यावर तीन-चार पुस्तके एकत्र पाठवायला सुरुवात केली. कोल्हापूरहून साताऱ्याकडे येणारे कोणी ओळखीचे असले, की माझ्या घरी गठ्ठा येतो आणि आसपासच्या वाचकांना मी पोहोचवतो. प्रकाशक निवडताना आपण त्याचे वितरकही होऊ, हे माझ्या वहीत कुठेच लिहिलेले नव्हते.

पहिल्या मार्चअखेर ११८ प्रती गेल्या होत्या, दुसऱ्या मार्चअखेर आणखी १८७. दोन्ही वेळा हिशेब जूनच्या आत आला, धनादेशासह. आधी २,९५० रुपये, मग ४,६७५. माझ्या आणि परीक्षणाच्या प्रती, ग्रंथालयांना पाठवलेल्या प्रती वजा जाता १४६ शिल्लक, त्यांपैकी सत्तर दिवाणाखाली आणि उरलेल्या पोटमाळ्यावर, असेही ताईंनी नमूद केले होते. बेरजा मी सवयीने तपासल्या. बरोबर होत्या. कागदाच्या पाठीमागे लाल शाईत दोन ओळी होत्या: मालवणच्या एका वाचकाचे पत्र आले आहे, पृष्ठ ९३ वर खालून चौथ्या ओळीत एक दर्या राहिला आहे, आपण दोघांनीही तो पाहिला नाही, दुसऱ्या आवृत्तीसाठी नोंद करून ठेवावी.

मी कपाटातली प्रत काढली. खालून चौथ्या ओळीत धनगराचे पोर शेळ्या घेऊन संध्याकाळचे दर्यातून वर येत होते.